पट्टा बांधण्याआधी दावे सोडा!



हल्ली कोणत्याही कृषी प्रदर्शनात जा, दुग्धव्यवसायाच्या मंडपात एका टेबलाभोवती हमखास गर्दी दिसते. टेबलावर गाईच्या गळ्यात बांधायचा पट्टा असतो आणि त्या पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी. गाय माजावर आली, गाईचे रवंथ कमी झाले, गाय आजारी पडायच्या बेतात आहे, असे सगळे ही डबी म्हणे मोबाइलवर कळवते. विक्रेता सांगतो, "दादा, तुम्ही बिनघोर झोपा, गाय स्वतः तुम्हाला मेसेज करील." ऐकणाऱ्याला ते पटते. माज चुकल्याचा फटका ज्याने सोसला आहे, त्याला तर लगेच पटते.

गावोगाव फिरताना गेले वर्षभर मला एकच प्रश्न विचारला जातो, "साहेब, पट्टा घ्यावा का?" याचे उत्तर चावडीवर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हा लेख. माझे मत आधीच सांगून टाकतो. पट्टा खोटा नाही. तो बातमी देतो आणि बहुतेक वेळा बरोबर देतो. पण त्या बातमीवर धावून येणारा माणूस ज्या गावात नाही, त्या गावात पट्टा म्हणजे गाईच्या गळ्यातला नुसता दागिना!

पट्टा मोजतो तरी काय?

आधी यातली जादू उतरवू या. मोबाइलमध्ये पावले मोजणारा जो बारीक तुकडा असतो, तसलाच तुकडा या डबीत असतो. त्याला सेन्सर म्हणतात. गाय मान किती हलवते, किती फिरते, किती वेळ बसते, रवंथ करताना मान-जबडा ज्या तालात हलतो तो ताल दिवसातून किती तास चालतो, याची नोंद तो रात्रंदिवस घेतो. गोठ्यात बसवलेली पेटी ही नोंद गोळा करते आणि सिमकार्डावरून पुढे पाठवते. पहिले काही दिवस यंत्र त्या गाईची नेहमीची चाल शिकते. मग नेहमीपेक्षा वेगळे काही घडले की मेसेज येतो. माजावरची गाय अस्वस्थ असते, फिरते जास्त आणि रवंथ करते कमी. या दोन गोष्टी एकदम दिसल्या की यंत्र म्हणते, माज.

कल्पनाही काही कालची नाही. माजाच्या दिवशी गाय जास्त चालते, हे अमेरिकेत किडी नावाच्या संशोधकाने पावले मोजून १९७७ साली प्रसिद्ध केले. इस्रायलमधील अफिकिम किबुत्झच्या कारखान्याने १९८० च्या दशकात गाईच्या पायात बांधायचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. तिथले गोठे शेकडो गाईंचे, गाई मोकळ्या आणि माणसे मोजकी. तीनशे गाईंवर एका माणसाचा डोळा राहत नाही, म्हणून यंत्र आले.

आपल्याकडे मात्र दारात चार-पाच गाई आणि घरात तितकीच माणसे. मग आपला माज का चुकतो? या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय पट्ट्याला पैसे घालू नका.

हातात दोन-तीनच संधी

जरा हिशेब मांडू. संकरित गाईने १३ महिन्यांनी, म्हणजे साधारण ३९५ दिवसांनी पुन्हा व्यावे अशी आपली अपेक्षा असते. त्यातले गाभणकाळाचे २८० दिवस गेले, उरले ११५. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला ६० दिवस सोडा, उरले ५५. माज येतो दर २१ दिवसांनी. म्हणजे या ५५ दिवसांत हातात येतात फक्त दोन किंवा तीन माज! त्यातला एक चुकला, एकदा गाय उलटली, की वेत लांबलेच.

चुकलेल्या एका माजाची किंमत काय? रिकाम्या गाईच्या वैरण-पेंडीला रोज १५० रुपये धरले तरी २१ दिवसांचे ३,१५० रुपये होतात. तुमच्या गोठ्याचा आकडा तुम्ही घाला. शिवाय दूध आटत जाते आणि पुढचे वेत मागे पडते, ते वेगळेच. २०२४ साली गाईच्या दुधाचा भाव एवढा कोसळला की शासनाला लिटरमागे आधी ५ आणि पुढे ७ रुपये अनुदान द्यावे लागले. अशा धंद्यात तीन हजार रुपये गळणे म्हणजे थोडेथोडके नव्हे.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी

आता आमच्याच भागातली एक गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. सहा संकरित गाई असलेले घर. थोरला मुलगा पुण्याला कारखान्यात कामाला. त्याने हौसेने, हप्त्याने, चार गाईंना पट्टे घेतले. ॲप अर्थातच त्याच्या मोबाइलवर.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला, तीन नंबरची गाय माजावर. मुलगा रात्रपाळीला होता, मोबाइल लॉकरमध्ये. सकाळी आठ वाजता त्याने मेसेज पाहिला आणि वडिलांना फोन लावला. वडील पाणी धरायला रानात, तिथे रेंज नाही. इकडे पहाटे शेण काढताना आईने गाईचा सोट पाहिला होता. शेजारच्या गाईवर उडू पाहत होती, तेही पाहिले होते. पण डॉक्टरांचा नंबर मालकांच्या मोबाइलमध्ये! मालक दुपारी बाराला घरी आले, तेव्हा फोन गेला. रेतन करणारा माणूस तीन गावे पलीकडे होता. तो आला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. बत्तीस तास उलटून गेले होते. गाय भरवली, एकविसाव्या दिवशी उलटली.

बंधूंनो, यात पट्टा चुकला का? नाही. पट्ट्याने वेळेवर सांगितले. आईलाही वेळेवर कळले होते. चुकले ते मधले सगळे.

गाईचा माज टिकतो साधारण १२ ते १८ तास आणि माज संपल्यावर १० ते १२ तासांनी स्त्रीबीज सुटते. म्हणून पदविकेला आम्हाला शिकवलेला जुना नियम आजही खरा आहे. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री दोनचा मेसेज म्हणजे त्याच दिवशी दुपारनंतर रेतन व्हायला हवे होते.

दावणीच्या गाईने माज दाखवायचा कुठे?

आता दाव्याकडे येतो. माजाची सर्वांत खात्रीची खूण कोणती? दुसरी गाय अंगावर उडाली तरी जी गाय हलत नाही, उभी राहते, ती माजावर. पण हात-दीड हात दाव्याला बांधलेली गाय कुणावर उडणार आणि कुणाला उडू देणार? आपण गाईला खुंट्याला जखडतो आणि मग म्हणतो, माज कळत नाही. पायातले पावले मोजणारे यंत्र तर बांधलेल्या गाईवर लंगडेच पडते, कारण पावलेच पडत नाहीत. गळ्यातला पट्टा मान आणि रवंथ मोजतो म्हणून जरा बरा चालतो. पण मोकळ्या गाईची जी खूण ठळक दिसते, ती बांधलेल्या गाईत फिकी पडते.

म्हणून मी म्हणतो, पट्टा बांधण्याआधी दावे सोडा. मुक्त संचार गोठ्याला महागडे शेड लागत नाही. आहे त्या गोठ्यापुढे लोखंडी किंवा लाकडी कुंपण घाला, पाण्याची टाकी मध्ये ठेवा, कडेला सावली करा. गाई पाहिजे तेव्हा पाणी पितात, उन्हातून सावलीत जातात, आणि मुख्य म्हणजे माज चारचौघांत दाखवतात. जागाच नसेल तर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तरी मोकळ्या सोडा आणि त्या वेळी कुणी तरी पाहत उभे राहा. माजाचा मोठा भाग संध्याकाळनंतर ते पहाटेपर्यंत होतो. रात्री जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन एक फेरी गोठ्यात मारायची, यासारखी स्वस्त युक्ती दुसरी नाही. एप्रिल-मे मध्ये तर ती हवीच, कारण उन्हाच्या कडाक्यात संकरित गाईचा माज छोटा आणि मंद होतो.

म्हैसवाल्यांना वेगळे सांगतो. म्हशीचा मुका माज ही जुनी डोकेदुखी, त्यामुळे पट्ट्याचा मोह तुम्हालाच जास्त पडणार. पण गाईवर बसवलेले गणित म्हशीला तसेच लागू पडेल असे धरून चालू नका. विक्रेत्याला स्पष्ट विचारा, म्हशीवर चाचणी झाली आहे का? आणि दोन म्हशींवर चालवून दाखवा म्हणा.

मोबाइल कुणाच्या खिशात?

शेण, पाणी, वैरण, धार, यातले निम्म्याहून अधिक काम घरातल्या बाया करतात. गाईने आज पेंड उष्टी टाकली, धार काढताना पाय झाडला, दूध अचानक कमी आले, हे पहिल्यांदा कळते ते वहिनींना. घरातला सगळ्यात जुना सेन्सर तोच! आणि मेसेज जातो कुणाला? जो दिवसभर गोठ्यात नसतो त्याला.

माझी विनंती आहे, पट्टा घ्या अगर घेऊ नका, रेतन करणाऱ्याचा आणि डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर ठळक रंगवा आणि फोन करायची मुभा घरच्या बाईला द्या. "मालक आल्यावर विचारते" यात जी वेळ जाते, तीच माजाची वेळ असते. पट्टा घेतलाच, तर मेसेज किमान दोन मोबाइलवर आणि मराठीत आला पाहिजे. त्यातला एक मोबाइल गोठ्यात वावरणाऱ्या बाईचा असावा.

आजाराची चाहूल

या बाबतीत पट्टा खरोखर उपयोगी आहे, हे मान्य केले पाहिजे. निरोगी गाय दिवसाला साधारण ७ ते ८ तास रवंथ करते. पोट बिघडणे, व्याल्यानंतरचे आजार, ताप, यांत बाहेरून काही दिसायच्या आधीच रवंथ घटायला लागते. यंत्राला ते डोळ्यांआधी कळते. व्याल्यानंतरचे पहिले तीन आठवडे सर्वांत नाजूक. दुधाचा ताप, वार अडकणे, गर्भाशयाचा दाह, सगळे याच काळात येते आणि पुढचा माज इथेच बिघडतो. एखाद्याकडे पट्टे थोडे असतील तर ते फिरवून ताज्या व्यालेल्या गाईंनाच बांधावेत, असे माझे मत आहे.

पण यंत्र एवढेच सांगते की काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले, ते डॉक्टरच सांगणार. गोठा बदलला, नवी गाय आणली, रात्री कुत्री मागे लागली, तरी मेसेज येऊ शकतो. म्हणून मेसेज आला की आधी गाईजवळ जा, मग फोन करा. मेसेज पाहून स्वतःच इंजेक्शन टोचणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, असे करू नका.

आणि पट्टा नसला म्हणून हात बांधलेले नाहीत. गाई निवांत बसलेल्या असताना मोजा, निम्म्या तरी रवंथ करत असल्या पाहिजेत. नसतील तर चाऱ्यात काही तरी चुकतेय. घरात एक थर्मामीटर ठेवा. गाईचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. १०३ च्या वर गेले की डॉक्टरांना कळवा. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा अंगावर गाठी यायच्या आधी ताप येत होता. थर्मामीटर लावण्याची सवय असलेल्याला तो आधी कळू शकत होता.

आधी वही, मग पट्टा

शंभर पानी वही घ्या, प्रत्येक गाईला एक पान. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, व्याल्याची तारीख, पहिला माज, भरवल्याची तारीख, कांडीवरचा वळूचा क्रमांक, २१ दिवसांनी पाहायची तारीख, गाभण तपासणीची तारीख. एवढेच लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर २१ व्या दिवसाला लाल खूण करा. त्या खुणेच्या आदल्या आणि पुढच्या दोन-दोन दिवसांत डोळ्यांत तेल घालून पाहा. पुष्कळ चुकणारे माज एवढ्यानेच सापडतील.

सहा महिने वही लिहिली की तुमच्या लक्षात येईल, आपला माज कशाने हुकतो. दिसत नाही म्हणून, की दिसूनही माणूस येत नाही म्हणून, की माणूस येऊनही गाय उलटते म्हणून? पहिले कारण असेल तरच पट्टा कामाचा. दुसऱ्याला माणूस पाहिजे. तिसऱ्याला डॉक्टरांची तपासणी, खनिज मिश्रण आणि चांगला चारा पाहिजे. तिन्हींवर एकच औषध विकणाऱ्यापासून सावध राहा.

एवढे करूनही पट्टा घ्यावा असे वाटले, तर विक्रेत्याला हे विचारा. बॅटरी किती दिवस चालते आणि बदलतो कोण? पट्ट्याची किंमत वेगळी आणि दरसालची वर्गणी वेगळी आहे का? वर्गणी थांबवली तर यंत्र बंद पडते का? वीज आणि रेंज गेली तर नोंद राहते का? तुमच्या गाईची माहिती आणखी कुणाला दिली जाते? उत्तरे कागदावर घ्या. आणि दुधाच्या पगारातून हप्ते कापून घेण्याच्या करारावर सही करण्याआधी तीनदा विचार करा. गाय भाकड पडली तरी हप्ता भाकड पडत नाही!

सरपंच, भाऊसाहेब आणि सचिवसाहेबांना

शेवटचे चार शब्द गावच्या कारभाऱ्यांसाठी. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला बाएफ संस्था उभी केली आणि पुढे या संस्थेने शेतकऱ्याच्या दारात जाऊन कृत्रिम रेतनाची सेवा दिली. संकरित गाय गावोगाव पोचली त्यात नुसत्या रेतकांडीचे श्रेय नव्हते. कांडी घेऊन वेळेवर दारात येणाऱ्या माणसाचेही ते श्रेय होते. पट्ट्याचेही तसेच आहे.

म्हणून एखाद्या योजनेतून घरटी एक पट्टा वाटून फोटो काढण्याआधी गावात तीन गोष्टी करा. दूध संकलन केंद्राजवळ जनावरांसाठी एक पक्का खोडा उभारा. रेतकांड्या उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, तेव्हा दूध संस्थेने नायट्रोजन वेळेवर भरला जातो की नाही हे पाहावे. आणि दोन-तीन गावे मिळून एक प्रशिक्षित, परवानगी असलेला रेतन सेवक असा नेमावा की तो फोन केल्यापासून ठरलेल्या तासांत येईल. फोन किती वाजता आला, माणूस किती वाजता पोचला, याची वही केंद्रावर टांगा. ग्रामसभेत ती वाचून दाखवा.

हे झाले की दूध संस्थेने दहा-वीस पट्टे सामाईक घ्यावेत. ताज्या व्यालेल्या आणि वारंवार उलटणाऱ्या गाईंना ते पाळीपाळीने द्यावेत आणि मेसेज थेट रेतन सेवकाच्या मोबाइलवरही जावा. एका शेतकऱ्याला न परवडणारी वस्तू अशी गावाला परवडू शकते. वर्षभराने वहीतला आकडा पाहा. गाभण गाई वाढल्या तर आणखी घ्या, नाही तर परत करा.

ती तीन नंबरची गाय पुढच्या माजाला भरली आणि गाभण राहिली. काय बदलले? आईच्या साध्या मोबाइलमध्ये रेतन करणाऱ्याचा नंबर घालून दिला आणि पहाटे तिनेच फोन केला. पट्टा गळ्यात होताच, त्यानेही मेसेज पाठवला. या वेळी मात्र आईचा फोन मेसेजच्या आधी पोचला होता.